पाकीट क्रमांक १

पहिली अडचण गावाच्या नावाची निघाली.
जुन्या निबंधांत माझा पत्ता बेलगाम,
नव्यांत बेळगावी,
घरच्या पितळी डब्यावर कोरलेलं बेळगाव.
वाखेनिंगेनहून लिस्बेथनं विचारलं,
ही वेगवेगळी शहरं आहेत का?
संगणक तुला दोन बायका समजतोय.
हो म्हणून मोकळं व्हावंसं वाटलं.
आमच्याकडे याच प्रश्नावर
बसगाड्या थांबतात, पाट्यांना काळं फासतात,
आणि तिला उत्तर शुक्रवारपर्यंत हवं होतं.

मग घड्याळ.
तिचं ऑक्टोबरअखेर तासभर मागं सरकतं.
मी रिकाम्या पडद्यासमोर बसून
अर्धा शेर शेंगा सोलल्या.

मग 'बघू'.
आकडे सोमवारी देशील? तिनं विचारलं.
बघू, मी म्हटलं, इंग्रजीतून,
पण अर्थ मराठीच ठेवून.
सोमवारी ती वाट पाहत बसली.
बस्तवाडची निंगव्वाही 'नोडोण' म्हणते
तेव्हा मी समजते, हे होणार नाही.
सीमेच्या दोन्ही बाजूंना
नकार असाच, मऊ फडक्यात बांधून देतात.

काम साधं होतं: वासाच्या भाताचा वास मोजायचा.
बी देशाबाहेर जाणार नाही,
चेन्नईच्या परवानगीत स्पष्ट होतं,
जाईल ती वाळल्या पानांची पूड.
नऊ शेतं, नऊ पाकिटं,
वर बसवंतनं झोकदार मराठी आकडे घातले.
अकरा आठवडे पूड कुठल्याशा विमानतळावर
सही नसलेल्या कागदाची वाट बघत पडली.

तिच्याकडच्या यंत्राची किंमत
आमच्या सगळ्या विभागाच्या इमारतीहून जास्त.
चौदाव्या मिनिटाला कागदावर टोक उठलं,
सुळकन, देवळाच्या कळसासारखं.
खोटं कशाला बोलू, मी रडले.
आयुष्यभर नाकानं खरं मानलेलं
पहिल्यांदा कुणीतरी डोळ्यांना दाखवलं होतं.

नऊ नंबरला सगळ्यात जास्त सुगंध, लिस्बेथनं लिहिलं.
मी निंगव्वाच्या बांधावर जाऊन वाचून दाखवलं.
ती खुरपं खाली न ठेवता म्हणाली,
"नऊ? नऊ तर जाडी की बाई.
कोंबड्यास्नी घालतोय आम्ही ती."
यंत्र चुकत नाही, मी म्हटलं.
"मग तुमी चुकलासा," ती म्हणाली,
आणि पुढच्या वाफ्यात गेली.

तीन आठवडे पत्रं. आवाज चढलेली,
मग फार सभ्य, म्हणजे आणखी वाईट.
शेवटी लिस्बेथनं पाकिटाचा फोटो धाडला.
वर बसवंतचा १,
गोल डोक्याचा, शेपूट खाली सोडलेला.
तिच्या देशात त्याला नऊच म्हणतात.
आणि खरा ९
वाचता न येणारं अक्षर म्हणून
फडताळात बाजूला ठेवलेला.

पहिलं शेत निंगव्वाचं.

निबंधाच्या अर्जात तिचं नाव घालायला
आडनाव हवं, संस्था हवी, ईमेल हवा.
लिस्बेथ भांडली. मी भांडले नाही,
हे इथं लिहून ठेवते.
मला माझी बढती दिसत होती,
आणि संपादकाला कशाला दुखवा.
शेवटी चार नावं छापली, चौथं तिचं,
संस्थेच्या जागी: शेत, बस्तवाड.
ते लिस्बेथनं मिळवलं.

छापील पान घेऊन गेले.
निंगव्वानं बोटानं नाव चाचपलं,
उलटं धरलंय हे मी सांगितलं नाही.
मग विचारलं,
"त्या बाईनं भात किती खाल्ला?"
एक शीतही नाही, मी म्हटलं. कायदा आहे.
"खाल्ला नाही, मग मोजला कशाला?"
ती खूप वेळ माझ्याकडे बघत राहिली.
"ऊटक्क करी तिला," म्हणाली. जेवायला बोलाव.

रात्री मी लिस्बेथला लिहिलं.
सुगीला ये, निंगव्वा चूल मांडते आहे,
पत्ता कुठल्याही नावानं शोध, सापडेल.
चार तासांनी उत्तर आलं,
रोमन अक्षरांत, एकच शब्द.
बघू.

आता ती कुठल्या भाषेत बोलतेय,
कळायला मार्ग नाही.